कुंडीची निवड आणि मुळांची प्रकृति

आपल्या संस्थेच्या सभासदांचा संबंध वावराशीं आहे, कुंडीशीं नाहीं. सबब ह्या मासिकांत कुंडीवर लेख कशास, असें कोणी विचारील. परंतु आतां घरोघरचीं मुलें नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस सदनिकांत राहूं लागलीं आहेत. सणावारास गांवीं आलीं म्हणजे परततांना एखादें रोप किंवा फांदी बरोबर नेतात, आणि चार-सहा महिन्यांनीं तें मेल्याची वार्ता येते. शेतकऱ्याच्या पोरांस एवढेंसें झाड जगवितां येऊं नये, असें वडील माणसें मग हंसून म्हणतात. वस्तुतः दोष पोरांचा नसतो. वावरांतील अनुभव कुंडीस जसाच्या तसा लावूं गेलें म्हणजे जाणतीं माणसेंहि फसतात. मी स्वतः असाच फसलों, आणि त्या फसगतीनंतर जें वाचलें व करून पाहिलें, तें येथें मांडीत आहें. मी शेतकीचा पदवीधर नव्हे. माझी हयात महसूल खात्यांतील कारकुनींत गेली.

आमच्या घरीं माझ्या पत्नीनें वाढविलेलें रबराचें झाड होतें. (चिकापासून व्यापारी रबर निघतें तें झाड निराळें, हें वडा-पिंपळाचें भावंड, रुंद चकचकीत पानांचें, दिवाणखान्यांत ठेवतात तें.) अकरा वर्षें तें ८ इंच तोंडाच्या एका साध्या मातीच्या कुंडींत सुखानें नांदलें. गेल्या वर्षीं मे महिन्याअखेर मी सेवानिवृत्त झालों, तेव्हां कचेरींतील मंडळींनीं मोठ्या प्रेमानें १४ इंच तोंडाची, निळ्या झिलईची एक सुरेख कुंडी भेट दिली. ती रिकामी कशी ठेवावी? मीं तें झाड जुन्या कुंडींतून काढलें, नव्या कुंडीच्या तळाशीं वीतभर खडी घातली, वर वावरांतील चांगली काळी माती भरली आणि झाड त्यांत बसविलें. कुंडीस भोंक नव्हतें. पण खालीं खडी आहे, जास्तीचें पाणी तींत उतरेल, अशी माझी समजूत होती. श्रावणांत पानें पिंवळीं पडूं लागलीं. झाडास तहान लागली असावी म्हणून मी पाणी वाढविलें. आणखी पानें गळलीं. मी आणखी पाणी घातलें. दिवाळीच्या आधीं खोड हातानें हालूं लागलें. उपसून पाहिलें तों खडींत काळें पाणी सांचलेलें, त्यास गटारासारखी घाण येत होती, आणि मुळांची साल चिमटींत धरतांच मोज्यासारखी सुटून येत होती. पत्नी मला एक शब्दहि बोलली नाहीं. तो कोपरा मात्र तिनें पुष्कळ दिवस रिकामाच ठेविला.

त्या एका कुंडींत माझ्या चार चुका होत्या, आणि चारींचें मूळ एकच होतें. कुंडी म्हणजे तळ असलेलें वावर, ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. वावरांत पाणी दिलें म्हणजे तें खालीं जात राहतें, कारण खालीं पुन्हां मातीच असते आणि ती पाण्यास ओढून घेते. कुंडींत माती एके ठिकाणीं संपते. दिव्याच्या वातींत तेल ज्या शक्तीनें वर चढतें, त्या केशाकर्षणानें मातीचीं बारीक छिद्रें पाणी धरून ठेवतात. तळाच्या मातीचीं छिद्रें पाण्यानें जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत भोंकांतून थेंबहि बाहेर पडत नाहीं. आणि पडावयाचें तेवढें पडून गेल्यावरहि तळाशीं एक ओलागच्च थर शिल्लक उरतो. हा थर किती जाड असावयाचा हें मातीच्या पोतावर ठरतें, कुंडीच्या उंचीवर नाहीं. माती जितकी बारीक, तितका थर जाड.

ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं भांडीं घासण्याचा एक लांबट स्पंज घ्यावा, तो पाण्यांत पूर्ण भिजवून हातावर आडवा धरावा व ठिबकणें थांबेपर्यंत वाट पाहावी. नंतर तोच स्पंज न पिळतां उभा करावा. लगेच खालच्या टोकांतून पुन्हां पाणी गळूं लागेल. स्पंज तोच, पाणी तेंच. फक्त उंची वाढली. सबब एकाच मातीनें भरलेल्या दोन कुंड्यांपैकीं उथळ कुंडीचा बराच मोठा हिस्सा ओलागच्च राहतो आणि उंच कुंडीचा लहान हिस्सा राहतो. उथळ कुंडी लौकर वाळते असें आपण धरून चालतों, तें उन्हांत ठेवलेल्या कुंडीपुरतें कदाचित् खरें असेल. घरांतल्या सांवलींत मात्र उथळ कुंडींतील मुळेंच आधीं गुदमरतात.

गुदमरतात हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाहीं. मुळें श्वास घेतात. त्यांस प्राणवायु लागतो व तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. हवेंत प्राणवायु सुमारें २१ टक्के असतो, आणि हवेनें भरलेल्या पोकळींतून तो सहज आंत शिरतो. तीच पोकळी पाण्यानें भरली कीं त्याची गति सुमारें दहा हजार पटींनीं मंदावते. मग मुळांचीं टोकें मरूं लागतात, आणि मेल्या मुळांवर कुजविणाऱ्या बुरशींचें फावतें. मूळ मेलें कीं झाडास पाणी वर ओढतां येत नाहीं, सबब पानें तहानेल्यासारखीं मलूल दिसतात. माझ्यासारखा मनुष्य तें पाहून पुन्हां तांब्या भरून आणतो. कुंडी निवडणें म्हणजे पुष्कळ अंशीं मुळांस हवा किती मिळेल हें ठरविणें होय. रंग आणि नक्षी हा त्यानंतरचा विचार.

आतां खडीविषयीं. तळाशीं खापऱ्या, खडी किंवा विटांचे तुकडे घालावे, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठांत वॉल्टर गार्डनर ह्यांनीं १९५९ सालीं काचेआड मातीचे निरनिराळे थर रचून त्यांतून पाणी कसें उतरतें ह्याचें चलच्चित्र घेतलें होतें. बारीक मातीखालीं जाड वाळूचा थर असला म्हणजे पाणी त्या थरांत सरळ शिरत नाहीं, तें सीमेवरच अडतें, आणि वरची माती जवळजवळ तुडुंब भिजेपर्यंत थांबून राहतें, असें त्यांत दिसतें. ह्याचा अर्थ असा कीं, खडीनें पाण्याचा निचरा वाढत नाहीं. ओलागच्च थर तळाऐवजीं खडीच्या माथ्यावर येऊन बसतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो, आणि खडीनें अडविलेली जागा मुळांस मिळत नाहीं ती निराळीच. माती वाहून जाऊं नये म्हणून भोंकावर एक खापरी उपडी ठेवणें किंवा डासांच्या जाळीचा तुकडा घालणें एवढें पुरेसें आहे. माझ्या बिनभोंकाच्या कुंडींत तर खडीचा थर म्हणजे न दिसणारी डबकीच होती.

ज्या कुंडीस भोंक नाहीं ती कुंडी नव्हे, तें भांडें होय. तशी सुंदर वस्तु कोणी भेट दिली तर टाकून देऊं नये. झाड साध्या भोंकाच्या कुंडींत ठेवून ती कुंडी ह्या भांड्यांत उतरवावी, खालीं दोन दगड ठेवून ती थोडी उंच करावी, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासानें सांचलेलें पाणी ओतून द्यावें. कुंडीखालच्या बशीसहि हाच नियम लागू आहे. बशींत पाणी ठेवून दिलें तर भोंक असून नसल्यासारखें होतें.

जिन्नस कोणता घ्यावा ह्यांत दुकानदाराचें ऐकूं नये. आपलें घर, आपली हवा व आपला हात पाहावा. बिनझिलईच्या मातीच्या कुंडीच्या भिंतींतून पाणी झिरपतें व बाहेर वाफ होऊन जातें. माठांतील पाणी गार होतें तें ह्याच कारणानें. कुंडी चारी अंगांनीं वाळते, भिंतीलगत हवा खेळते, आणि मुळें थंड राहतात. ज्याचा हात पाणी घालण्यांत सढळ आहे त्यास ही कुंडी पुष्कळ अपराध माफ करते. मुंबईस व कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने हवाच दमट असतां हिचा विशेष उपयोग होतो. उलट देशावर चैत्र-वैशाखांत तीच कुंडी एक-दोन दिवसांत कोरडी ठणठणीत होते, आणि घरचीं माणसें आठवड्याकरितां परगांवीं गेलीं कीं झाड संपतें. प्लॅस्टिकच्या कुंडीची भिंत पाणी सोडीत नाहीं; तींतील ओल फक्त वरून व झाडावाटे जाते. मीं एकाच मापाच्या दोन कुंड्यांत, मातीच्या व प्लॅस्टिकच्या, एकच माती व मनी प्लांटच्या सारख्या फांद्या लावून रोज स्वयंपाकघरांतील काट्यावर वजन केलें व वहींत नोंद ठेविली. मातीची कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीच्या जवळजवळ निम्म्या दिवसांत हलकी होई. दोन्ही वेली चांगल्या वाढल्या, कारण पाणी वजन पाहून घातलें. तारीख पाहून घातलें असतें तर दोहोंपैकीं एक खास मेली असती.

नवी मातीची कुंडी वापरण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवावी, नाहींतर ती पहिलें पाणी स्वतःच पिऊन टाकते. तिच्या अंगावर पुढें पांढरा थर येतो, तो बुरशीचा नसून बहुधा पाण्यांतील व खतांतील क्षारांचा असतो. विंधनविहिरीच्या पाण्यावर हा लौकर येतो. काथ्यानें व पाण्यानें घासून काढावा. झिलईची कुंडी गुणांनीं प्लॅस्टिकच्या जातीची, दिसण्यास मातीची. भोंक असल्यास वापरण्यास हरकत नाहीं. नव्या सिमेंटच्या कुंडींतून चुन्याचा अंश सुटतो, यास्तव ती कांहीं दिवस पाण्यानें भरून, पाणी बदलीत ठेवून मग वापरावी. पत्र्याची कुंडी सांवलींत ठीक, पण खिडकीच्या उन्हांत ती तापते आणि भिंतीलगतचीं मुळें भाजतात. काळ्या प्लॅस्टिकचीहि उन्हांत तीच कथा. कुंडी सांवलींत ठेवावयाची नसेल तर निदान बाहेरून दुसऱ्या भांड्याचा आडोसा करावा.

मापाविषयीं थोडा हिशेब करून दाखवितों, कारण हिशेब ही माझी जुनी खोड आहे. एकाच आकाराच्या दोन कुंड्यांची तोंडें ८ आणि १४ इंच असलीं तर मोठींत माती पावणेदोन पट नव्हे, पांचपटींहून अधिक मावते. कारण माप तिन्ही दिशांनीं वाढतें. ६ ची १२ केली तर आठपट. माझ्या रबराच्या झाडाचीं मुळें ह्या पांच भागांपैकीं एकाच भागांत होतीं. बाकीच्या चार भागांतील पाणी पिणारें तेथें कोणीच नव्हतें. तें नुसतें सांचून राहिलें. सबब कुंडी बदलतांना पूर्वीपेक्षां १ ते २ इंच मोठें तोंड घ्यावें, त्याहून अधिक नाहीं.

ह्याच्या उलट बाजूचाहि पुरावा आहे आणि तो लपविणें योग्य नव्हे. जर्मनींतील यूलिख येथील हेंड्रिक पूर्टर व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१२ सालीं ६५ अभ्यासांतील आंकडे एकत्र करून पाहिले, तेव्हां कुंडीचें माप दुप्पट केलें असतां झाडाचा भार सरासरीनें ४३ टक्क्यांनीं वाढल्याचें आढळलें. म्हणजे लहान कुंडी झाडास खुंटविते हें खरेंच. परंतु तेथें प्रश्न वाढत्या झाडाच्या मुळांस जागा किती हा होता. आपल्या दिवाणखान्यांत जागेच्या आधीं उजेडाची टंचाई असते. उजेड कमी म्हणून वाढ कमी, वाढ कमी म्हणून पाण्याचा खप कमी. गच्चीवरील झाडास दोन मापें पुढची कुंडी दिली तर तें ती भरून काढील, कोपऱ्यांतील झाड भरून काढणार नाहीं.

बदलण्याची वेळ आली कीं नाहीं हें झाडासच विचारावें. माती किंचित् ओली असतां कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट हलकेंच बाहेर काढावें. मुळें गोळ्याच्या बाहेर तुरळक दिसत असलीं तर जसेंच्या तसें परत ठेवावें. भिंतीलगत मुळांचें वेटोळें झालें असेल व माती दिसेनाशी झाली असेल तर वेळ आली. निरोगी मुळें पांढुरकीं व टणक असतात, सडलेलीं तपकिरी, मऊ व दुर्गंधीचीं. रंगावरून एकदम निकाल मात्र देऊं नये. ड्रासीनाचीं मुळें जातीचींच पिंवळीं-नारिंगी असतात. बोटानें दाबून पाहणें हा खरा पुरावा.

हें वेटोळें गुळगुळीत भिंतीच्या कुंडींत अधिक होतें. मूळ भिंतीस टेकलें कीं वळतें आणि गोल फिरत राहतें. कुंडीच्या भिंतीस उभ्या फटी असल्या किंवा कुंडी जाड कापडाची असली तर मुळाचें टोक हवेशीं भिडून वाळतें आणि मागून नवीं उपमुळें फुटतात. मुळांची ही छाटणी आपोआप होते. वनखात्याच्या रोपवाटिकांतून उभ्या कण्यांच्या लांबट नळ्यांत रोपें करतात ती योजना ह्याच तत्त्वावर आहे. घरांत कापडी पिशवी वापरावयाची तर खालीं ताट हवें, नाहींतर फरशी खराब होते व घरांत वाद होतात. येथें आपल्या धंद्याची एक गोष्ट सांगून टाकतों. काळ्या पिशवींत फार दिवस राहिलेल्या आंब्याच्या कलमाचीं मुळें तळाशीं अशींच गुंडाळलेलीं असतात. लागण करतांना तीं तशींच पुरलीं तर पुढें वेटोळें घट्ट होत जातें व झाडाचा पाया कधींच रुंदावत नाहीं. पिशवी फाडून तळचें वेटोळें धारदार चाकूनें कापावें. आणि खरेदी करतांना फार जुन्या पिशवींतील उंच कलमापेक्षां ताज्या पिशवींतील बुटकें कलम घ्यावें.

आकार पाहतांना मडक्यासारखी पोट मोठें व तोंड लहान अशी कुंडी कटाक्षानें टाळावी. ती दिसते गोड. पण मुळें पोटांत पसरलीं कीं झाड बाहेर काढण्यास कुंडी फोडावी लागते. तोंड रुंद व तळ किंचित् निमुळता ही कुंभाराची जुनी बैठकच सर्वांत सोयीची.

कुंडी कितीहि चांगली असली तरी आंत काळी माती भरली तर सर्व श्रम फुकट. कापसाच्या पिकास जी माती सोन्यासारखी, ती कुंडींत वैरीण होते. भिजली कीं फुगते व छिद्रें बंद करते; वाळली कीं आंवळते, भिंतीपासून सुटते, आणि पाणी कडेच्या फटींतून निघून जातें, तें पाहून पाणी मुरलें असें वाटतें. इंग्लंडांतील जॉन इन्स संस्थेंत १९३० नंतरच्या दशकांत कुंडीसाठीं जें मिश्रण ठरविलें त्यांत मापानें ७ भाग चांगली माती, ३ भाग पीट व २ भाग जाड वाळू होती. पीट म्हणजे थंड देशांतील दलदलींत मुरलेली वनस्पति. आपल्याकडे तिचें काम नारळाच्या काथ्याचा भुसा करतो, मात्र त्यांत मीठ असूं शकतें, म्हणून तो दोन-तीन पाण्यांनीं धुवावा. घरांतील अंधुक उजेडाकरितां मी मातीचा भाग निम्म्यावर आणतों आणि जाड वाळू किंवा चाळलेला विटांचा चुरा वाढवितों. गोंवरीएवढें कच्चें शेण कोणी कुंडींत घालूं नये. पूर्ण कुजलेलें खत मूठभर पुरतें.

झाडाझाडाचा स्वभाव निराळा आहे. कोरफड व स्नेक प्लांट ह्यांस मातीची, फार खोल नसलेली कुंडी द्यावी; स्नेक प्लांटचे जमिनींतील कंद इतके जोर करतात कीं प्लॅस्टिकची कुंडी फुगते, कधीं तडकतेहि. झेडझेड म्हणून विकतात त्या झाडाचेंहि तसेंच; त्याच्या पोटांत पाण्याचा सांठा असतो, त्यास पाण्याची घाई करूं नये. नेचे व पांढऱ्या फुलाची पीस लिली ह्यांस ओल हवी, त्यांस प्लॅस्टिक किंवा झिलईची भोंकाची कुंडी बरी. अरेका पामास खोल कुंडी द्यावी व पुन्हां पुन्हां उपसूं नये. आमरीची गोष्ट अगदीं वेगळी. आपल्या सह्याद्रींत झाडांच्या फांद्यांवर वाढणारी सीतेची वेणी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं तिचीं मुळें उघड्या हवेंत असतात. त्या जातीस माती नको. लांकडी पट्ट्यांची टोपली, तींत सालीचे व कोळशाचे तुकडे. तिला मातीच्या कुंडींत पुरणें म्हणजे माशास घरट्यांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या त्या रबराच्या झाडाची एक गुटी माझ्या पत्नीनें पूर्वीं शेजारीं दिली होती. यंदाच्या पावसाळ्यांत शेजाऱ्यांच्या परवानगीनें त्या झाडावर पुन्हां गुटी बांधली, तीस मुळें चांगलीं फुटलीं, आणि तें रोप आतां ६ इंचांच्या मातीच्या कुंडींत त्याच कोपऱ्यांत आहे. पाणी घालण्यापूर्वीं मी कुंडी उचलून पाहतों. जड लागली तर तांब्या परत नेतों. जुनी ८ इंचांची कुंडी मीं क्षार घासून, धुवून, उन्हांत वाळवून माळ्यावर ठेविली आहे. पुढील जूनमध्यें रोप काढून मुळें पाहीन, आणि तीं भिंतीस लागलीं असलीं तरच ती खालीं काढीन. निळी कुंडी दाराशीं असते. तींत सध्यां छत्र्या ठेवतों.